शेवटचा तोडा झाला? मग वेल उपटा

शेवटचा तोडा होतो, व्यापाऱ्याची गाडी भरून जाते, हिशोब मिटतो आणि टरबुजाचा प्लॉट तसाच टाकून आपण पुढच्या कामाला लागतो. दर वर्षी हेच होतं, गावोगाव होतं, आणि यात काही बिघडतंय असं कुणालाच वाटत नाही. हे आवाहन त्या टाकून दिलेल्या प्लॉटबद्दल आहे. वेलावर राहिलेली बारकी फळं, हिरवे शेंडे आणि त्यांवर पोसणारे फुलकिडे, हे सगळं शेवटच्या तोड्यानंतर आठ दिवसांच्या आत रानातून नाहीसं करा. एकट्याने करून भागणार नाही, सगळ्या शिवाराने करायला हवं. टरबूज, खरबूज, काकडी, दोडका, कारलं, भोपळा, जे जे वेलावर येतं त्या सगळ्याला हे लागू आहे.

घाई अशासाठी की तुळशीचं लग्न लागून गेलं आहे. रोपवाटिकांत टरबुजाचे ट्रे भरले जाताहेत. बारा-पंधरा दिवसांचं रोप होईल, डिसेंबर लागता लागता ते मल्चिंगच्या भोकात बसेल, आणि त्याच वेळी शेजारच्या बांधापलीकडे पावसाळी काकडीचा किंवा दिवाळीच्या आधीच्या टरबुजाचा जुना प्लॉट अर्धा वाळलेला, अर्धा हिरवा उभा असेल. तो उभा राहिला तर पुढचं सांगायला ज्योतिषी नको.

रोगाचं नाव शेंडेमर. इंग्रजी पुस्तकांत त्याला वॉटरमेलन बड नेक्रॉसिस म्हणतात. आपल्याकडे बहुतेक जण नुसतं ‘व्हायरस आला’ एवढंच बोलून मोकळे होतात. लागवडीनंतर दोन-तीन आठवड्यांत कोवळ्या पानांवर पिवळसर ठिपके दिसू लागतात. पान चुरगळतं. वेलाची पेरं आखूड होतात आणि एरवी जमिनीसरपट धावणारा शेंडा ताठ उभा राहतो. हा उभा शेंडा म्हणजे सगळ्यात आधी पटणारी खूण. बेडावरून नजर फिरवली तरी तो वेगळा दिसतो. मग शेंडा तपकिरी पडून जळतो, वेलावर काळपट रेघा उमटतात आणि वेल टोकाकडून मागे वाळत येतो. लागण लवकर झाली असेल तर फळधारणाच होत नाही. धरलंच तर फळ लहान आणि वेडंवाकडं राहतं, सालीवर चट्टे आणि चिरा पडतात, आणि असा माल व्यापारी हातात धरत नाही. फळं पोसून झाल्यावर झालेली लागण मात्र त्या मानाने सौम्य जाते. म्हणजे खरी लढाई पहिल्या महिना-सव्वा महिन्याची आहे.

शेंडा वाकडा दिसला की लगेच व्हायरस म्हणू नये, हेही सांगून ठेवतो. शेजारच्या उसात मारलेलं टू-फोर-डी वाऱ्याने आलं तरी टरबुजाचे शेंडे पिळवटतात. फरक असा की तणनाशकाचा फटका वाऱ्याच्या दिशेने एका पट्ट्यात, एकाच वेळी, सगळ्या झाडांना दिसतो. शेंडेमर आधी कुठे कुठे एकेका झाडावर येते आणि मग पसरत जाते. तरीही खात्री नसेल तर नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठात न्या. पुण्यात भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे पिकांवरच्या विषाणूंचा अभ्यास चालतो. दुकानदाराने फोनवरचा फोटो बघून केलेलं निदान निदान नव्हे.

हा रोग आपल्या देशातलाच. १९९१ साली तो कर्नाटकात टरबुजावर पहिल्यांदा लक्षात आला, १९९६ साली त्याच्याबद्दल रीतसर छापून आलं, आणि १९९८ मध्ये आर. के. जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू भुईमुगाच्या शेंडेमरीच्या विषाणूचा भाऊबंद असला तरी वेगळा आहे हे दाखवून दिलं. दोघेही टॉस्पोव्हायरस गटातले. टोमॅटो, मिरचीतही टरबुजाचा हा विषाणू सापडलेला आहे, हे लक्षात असू द्या. पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता थोडा वेळ देऊन या विषाणूचा स्वभाव समजून घ्या. आवाहनात एवढं शास्त्र कशाला, असं कुणी म्हणेल. पण हा स्वभाव कळला नाही तर ‘वेल उपटा’ हा सल्ला कटकटीचा वाटतो. कळला तर दुसरा काही मार्गच नाही हे आपोआप पटतं.

या विषाणूचा कण गोलसर असतो, ८० ते १२० नॅनोमीटरचा, म्हणजे एक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. आत आरएनएचे तीन तुकडे आणि बाहेरून स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण. हे आवरणच त्याची दुबळी बाजू आहे. झाडातून काढलेल्या रसात तो काही तासांत निकामी होतो. पंचेचाळीस-पन्नास अंशांची उष्णता त्याला पुरते. वाळलेल्या पाचोळ्यात, मातीत, ड्रिपच्या पाण्यात, कात्रीच्या पात्यावर तो टिकत नाही. बियाण्यातूनही येत नाही. ‘बियाणंच खराब निघालं’ म्हणून शेंडेमरीचं खापर कंपनीवर फोडणं सोपं असतं, पण या रोगाच्या बाबतीत ते चुकीचं आहे.

याच्या अगदी उलट स्वभावाचा दुसरा एक विषाणू वेलवर्गीय पिकांवर येतो, काकडीचा हिरवा मोझॅक. १९३५ साली इंग्लंडमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. आपल्याकडे दुधी भोपळ्यावर तो १९४९ मध्येच नोंदला गेला. तो काडीसारखा, बिनआवरणाचा आणि चिवट. बियाण्यातून येतो, हाताला-सुरीला लागून पसरतो, पालापाचोळ्यात तग धरतो. २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात कॅथरीन आणि डार्विनच्या आसपास टरबुजाच्या शेतांत तो निघाला तेव्हा तिथल्या सरकारने शेतं बंद केली, पिकं नष्ट केली, तरी पुढच्या वर्षी तो क्वीन्सलँडमध्ये निघालाच. अशा विषाणूपुढे शेतकरी एकटा काय करणार? शेंडेमरीचं तसं नाही. तिचा विषाणू बाहेर जगतच नाही. त्याला राहायला दोनच जागा आहेत: जिवंत, हिरवं झाड आणि फुलकिड्याचं शरीर.

हा फुलकिडा म्हणजे थ्रिप्स पामी. पिवळसर, जेमतेम एक मिलिमीटर लांब. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर धावताना दिसतो. मादी पानाच्या आत अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं पानाच्या मागच्या बाजूला, शिरांच्या कडेने रस शोषत वाढतात, मग मातीत उतरून कोषात जातात आणि पंख फुटून वर येतात. उन्हाळ्याच्या दिवसांत अंड्यापासून पंखापर्यंत दोन आठवडेही पुरतात. नर नसला तरी मादी अंडी घालू शकते, मग त्यातून सगळे नरच निघतात.

आणि आता खरी गोम. हा विषाणू फुलकिड्याला फक्त पिल्लाच्या अवस्थेतच घेता येतो. पंख फुटलेला, मोठा झालेला फुलकिडा रोगट वेलावर कितीही वेळ बसून रस प्यायला तरी तो रोग वाहून नेत नाही. मात्र ज्याने पिल्लू असताना रोगट झाडाचा रस प्यायला, त्याच्या शरीरात विषाणू नुसता राहत नाही, वाढतो. आणि पंख फुटल्यावर तो फुलकिडा मरेपर्यंत, बसेल त्या झाडाला रोग देत फिरतो. त्याच्या अंड्यांत मात्र विषाणू उतरत नाही. प्रत्येक नव्या पिढीला तो रोगट झाडावरून नव्यानेच घ्यावा लागतो.

याचा अर्थ नीट लावून बघा. आपल्या कोवळ्या रोपावर उडत येऊन पहिला डंख करणारा प्रत्येक रोगवाहक फुलकिडा कुठल्या ना कुठल्या रोगट, हिरव्या झाडावर लहानाचा मोठा झालेला असतो. ते झाड आपल्या नव्या प्लॉटमध्ये नव्हतं; आपली लागवड तर परवाची. ते होतं बांधापलीकडच्या टाकून दिलेल्या प्लॉटमध्ये. तिथे कुणी फवारत नाही, कुणी बघत नाही, खायला कोवळे फुटवे भरपूर. आणि पाणी तोडलं की वेल हळूहळू वाळू लागतात, तसे तिथे वाढलेले पंखवाले फुलकिडे हिरव्याच्या शोधात उठतात. वाऱ्यावर तरंगत ते पोचतात ते शेजारच्या ताज्या लागवडीवर. पाणी तोडून प्लॉट आपोआप वाळू देणं हा म्हणूनच सगळ्यात घातक प्रकार आहे. आपल्याला वाटतं, वेल मेले, विषय संपला. प्रत्यक्षात आपण फुलकिड्यांना हाकलून शेजाऱ्याकडे पाठवलेलं असतं.

मग औषध का नाही मारायचं? मारा, पण त्याची मर्यादा ओळखून. झाडात शिरलेल्या विषाणूवर कुठलंही औषध नाही. ना रासायनिक, ना जैविक, ना ‘कॉकटेल’. रोगवाहक फुलकिडा झाडावर बसल्यावर रोग द्यायला त्याला काही मिनिटं पुरतात; कीटकनाशकाचा त्याच्यावर परिणाम होईपर्यंत काम झालेलं असतं. त्यात बाहेरून रोज नवे येत असतील तर फवारणी म्हणजे खिडक्या सताड उघड्या ठेवून डासांची अगरबत्ती लावण्यासारखं. शिवाय सिंथेटिक पायरेथ्रॉइडसारखी सरसकट मारणारी औषधं फुलकिडे खाणाऱ्या मित्रकीटकांना आधी संपवतात आणि थ्रिप्स उलटा वाढतो. दर तिसऱ्या दिवशी पंप पाठीवर घेणारा शेतकरी आळशी नक्कीच नाही. त्याची मेहनत चुकीच्या ठिकाणी खर्च होतेय, एवढंच.

इथे कृषी सेवा केंद्रवाल्या मित्रांना थेट विनंती आहे. ‘व्हायरस स्पेशल’ म्हणून बाटली काउंटरवर ठेवू नका. पिकाला जोम देणारी, पानं हिरवी दाखवणारी उत्पादनं असतील; ती त्या नावाने विका. रोगट प्लॉटवाला शेतकरी घाबरलेला असतो, तो मागेल ते पैसे देतो. त्या वेळी त्याला ‘ही चार झाडं उपटून टाक आणि निळे चिकट सापळे ने’ असं सांगणारा दुकानदार त्या दिवशी दोन हजारांचा धंदा गमावेल, पण पुढच्या वर्षी त्याचं गिऱ्हाईक टरबूज लावायला शिल्लक राहील.

दहा-पंधरा वर्षांत नेमकं काय बदललं तेही बघायला हवं. पूर्वी टरबूज हे उन्हाळ्याचं पीक होतं. थंडी ओसरल्यावर लागवड, कडक उन्हात माल, पावसाच्या आत रान मोकळं. मध्ये कितीतरी महिने शिवारात वेलच नसायचे, आणि फुलकिड्यांना विषाणू घ्यायला झाडच मिळायचं नाही. आता मल्चिंग आलं, ड्रिप आलं, संकरित वाण आले आणि बाजार बारमाही झाला. त्यात रमजान. टरबुजाला त्या महिन्यात जो उठाव असतो तो कुणी सोडणार नाही, सोडूही नये. पण रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२३ साली पहिला रोजा २४ मार्चला होता, २०२५ साली २ मार्चला, आणि आता तो फेब्रुवारीत आला आहे. सत्तर दिवसांचं पीक धरलं तर लागवड जानेवारीतून डिसेंबरच्या सुरुवातीला आली. म्हणजे ती पावसाळी वेलांच्या शेवटाला जाऊन भिडली. आणि रमजानचा माल निघतो तोवर एप्रिल-मेच्या मालाची लागवड शेजारी होऊन गेलेली असते. एका शिवारात तीन वयांचे प्लॉट. विषाणूच्या सोयीचं याहून चांगलं वेळापत्रक त्याला स्वतःलाही आखता आलं नसतं.

कोकणात भात निघाल्यावर कलिंगड लावतात त्यांच्याकडे वेलांच्या दोन हंगामांमधला हा खंड अजून आपोआप पडतो. पावसाळ्यात खाचरं पाण्याखाली जातात, तिथे वेल राहणार कुठे? देशावर, खानदेशात, मराठवाड्यात, सोलापूर-नगरच्या पट्ट्यात तो आपल्याला मुद्दाम पाडावा लागणार आहे.

आणि ते आपल्याला नवीन नाही. २०१७ साली गुलाबी बोंड अळीने कपाशीची कशी वाट लावली हे विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणाला सांगायची गरज नाही. त्यानंतर ‘फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या उभ्या ठेवू नका’ ही ओरड कृषी विभागाने, कंपन्यांनी, शेतकऱ्यांनीही केली. हंगामाआधी कपाशीचं बियाणं विकायला बंदी घातली जाते तीही याचसाठी: अळीला मधल्या काळात खायला मिळू नये. वेचणीच्या शेवटच्या दोन बोंडांचा मोह सोडायला कापूसवाले हळूहळू शिकले. टरबुजाची बारकी फळं हीच आपली फरदड आहे. व्यापारी म्हणतो, ‘आठ दिवसांनी येतो, उरलेला माल उचलतो.’ तो येतो, कधी येत नाही. आला तरी पडेल भावाने घेतो. तेवढ्यासाठी प्लॉट तीन-तीन आठवडे उभा राहतो. व्यापारी बंधूंनो, दुसऱ्या तोड्यालाच स्पष्ट सांगा, पुढे येणार की नाही. गावात माल टिकला तरच तुमची गाडी भरणार आहे.

वेल काढायचे कसे? इथेही घाईत उलटं काम होऊ शकतं. नुसते उपटून बांधावर ढीग मारला तर त्यावरचे पंखवाले फुलकिडे दुपारपर्यंत उठून जातील. म्हणून पाणी चालू असताना, वेल हिरवे असतानाच ठरवा. आदल्या दिवशी, त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेल्या कीटकनाशकाची एक फवारणी घ्या. ही फवारणी पीक वाचवायला नव्हे, फुलकिडे जागच्या जागी थांबवायला आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे गारव्यात, फुलकिडे सुस्त असतात तेव्हा, वेल उपटा. ढीग जुन्या मल्चिंग पेपरखाली नीट झाका, कडा मातीने दाबा आणि उन्हात आठ-दहा दिवस राहू द्या. जाळायची गरज नाही. विषाणू वाळलेल्या वेलात उरत नाही, त्यामुळे नंतर तो ढीग उकिरड्यात, खतात खुशाल जाऊ द्या. मातीत उतरलेल्या कोषांतून फुलकिडे मात्र अजून काही दिवस वर येत राहतील, म्हणून त्या रानात तीन आठवडे तरी वेलवर्गीय पीक, टोमॅटो किंवा मिरची नको. रान नांगरून टाका. ज्वारी, मका, बाजरी काय हवं ते घ्या.

मेंढ्या बसवायची जुनी पद्धत यात चांगली बसते. धनगरांचा वाडा दोन दिवसांत वेल आणि फळं साफ करतो, वर लेंडीखत मिळतं. पण अट एकच, आणि ती मोडू नका: फवारलेल्या रानात मेंढ्या घालायच्या नाहीत. मेंढ्या बसवायच्या असतील तर शेवटचे पंधरा-वीस दिवस औषध नको, आणि काय मारलं होतं, कधी मारलं होतं हे मेंढपाळ दादांना आधीच सांगायला हवं. दुसऱ्याची जितराबं मारून आपलं पीक वाचवायचं नाही.

नव्या लागवडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यातलं बरंच तुम्ही करताच. रोपं पन्नास मेशच्या कीटकरोधक जाळीतली घ्या आणि जाळीला भोकं आहेत का, दोन दारं आहेत का हे स्वतः जाऊन बघा. रोपवाटिकेच्या मालकांनो, जाळीच्या बाहेर दारात कारल्याचा, काकडीचा वेल चढवायचा मोह आवरा. बेडावर चंदेरी मल्चिंग वापरा. त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने फुलकिडे बिचकतात. शक्य असेल तर लागवडीनंतर तारेच्या कमानींवर क्रॉप कव्हर टाका आणि मादी फुलं येईपर्यंत काढू नका. फुलं आली की काढावंच लागेल, मधमाश्यांशिवाय टरबूज धरत नाही. आणि त्या दिवसांत सकाळी फवारू नका. बांधावरचं रुंद पानांचं तण लागवडीच्या आधी काढा, नंतर नव्हे. नंतर काढलं तर त्यावरचे फुलकिडे आपल्याच रोपांवर उतरतात. शेंडेमरीला खात्रीने दाद न देणारा वाण आज बाजारात नाही. पाकिटावर ‘व्हायरस टॉलरंट’ लिहिलेलं असलं तर कोणत्या विषाणूला, ते विचारा.

पहिले पाच आठवडे दर तिसऱ्या दिवशी ओळीने फिरा. उभा शेंडा दिसला की त्या वेलावर पिशवी घाला, पिशवीसकट मुळापासून उपटा, तोंड बांधा. नुसतं हाताने ओढून खांद्यावर टाकून सगळ्या प्लॉटमधून मिरवत नेऊ नका. जीव तुटतो हे खरं. मजूर लावून, ड्रेंचिंग करून वाढवलेलं झाड असतं, आणि मन म्हणतं, ‘बघू अजून चार दिवस, फुटवा येईल.’ येणारा फुटवा रोगटच असतो, आणि त्या चार दिवसांत त्यावरची पिल्लं विषाणू घेऊन मातीत उतरतात.

एक अडचण मोठी आहे आणि ती झाकून चालणार नाही. टरबुजाची बरीच शेती खंडाने घेतलेल्या रानात होते. माल निघाला की खंडकरी मोकळा. वेल काढायचे ते कुणी? मालक म्हणतो तू, खंडकरी म्हणतो तू. आणि दोघांचाही त्यात काडीचा फायदा नसतो, फायदा असतो तिसऱ्याचा. यावर उपदेश चालत नाही, व्यवहार चालतो. खंडाच्या बोलीतच ठरवून घ्या: वेल काढून, मल्चिंग गोळा करून रान द्यायचं, आणि त्यासाठी खंडातले थोडे पैसे शेवटपर्यंत मालकाकडे अडकवून ठेवायचे. ज्या शेतकरी उत्पादक कंपन्या गावातून टरबूज उचलतात त्यांनी तर हे करारातच घालायला हवं. गटशेती करणाऱ्यांनी लागवडीच्या तारखा पंधरा दिवसांच्या आत बसवाव्यात, म्हणजे शेवटही एकत्र येईल. सगळ्यांचा माल एकदम आला तर भाव पडेल, ही भीती मला मान्य आहे. ती खरीही आहे. पण मग निदान शेजारशेजारच्या शेतकऱ्यांनी एका वेळी लावावं आणि दुसऱ्या शिवाराने महिन्याने. एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे तीन वयांचे प्लॉट नकोत.

शहरातल्या वाचकांनाही दोन शब्द. २०२० च्या उन्हाळ्यात टोमॅटोवर विषाणू आल्याच्या बातम्या आल्या. फळावर वेगवेगळे रंग उमटायचे म्हणून शेतकरी त्याला ‘तिरंगा’ म्हणत. करोनाचे दिवस, माणसं आधीच धास्तावलेली. ‘टोमॅटोतून व्हायरस’ एवढं ऐकून लोकांनी टोमॅटोकडे पाठ फिरवली आणि ज्यांच्या शेतात रोग नव्हता त्यांचाही माल पडून राहिला. झाडांचे हे विषाणू माणसाला होत नाहीत. शेंडेमरीच्या वेलावरचं फळ खाल्लं तरी काही होत नाही. ते बेढब असतं म्हणून बाजारात येत नाही, इतकंच. दर उन्हाळ्यात टरबुजाला लाल रंगाचं इंजेक्शन देतात म्हणून व्हिडिओ फिरतात, त्यांत आता ‘व्हायरसवाल्या टरबुजा’ची भर घालू नका. आणि गच्चीवर, सोसायटीच्या कुंपणावर काकडी-दोडका लावणाऱ्यांनो, तुमची वस्ती शिवाराला लागून असेल तर हंगाम संपल्यावर तो सुकत चाललेला वेल तुम्हीही काढून टाका.

सरकारने काय करावं यावर पानं भरता येतील. सध्या एवढंच मागणं आहे: कृषी विभागाने टरबुजाच्या गावांत बोंड अळीसारखीच शेंडेमरीची मोहीम लावावी, आणि पीक नष्ट करणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला निदान एका नांगरटीचा खर्च द्यावा. मिळेल तेव्हा मिळेल. तोवर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चार रकाने आखायला कुणाची परवानगी लागत नाही: कुणाचा प्लॉट, लागवड कधी, शेवटचा तोडा कधी, वेल कधी काढले. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर सोमवारी त्या फळ्याचा फोटो टाका. ज्याचा शेवटचा रकाना रिकामा राहिला त्याला शिव्या देऊ नका. त्याला मजूर मिळत नसतील, घरात आजारपण असेल. चार जणांनी जाऊन एका सकाळी त्याचं रान मोकळं करून द्या. तेवढं काम चार माणसांचं आहे आणि त्यात चौघांचाही स्वार्थ आहे.

फळ्यावरची पहिली नोंद, ज्यांची पावसाळी काकडी, दोडका, कारली आजही मांडवावर उभी आहेत त्यांची असू द्या. माल चालू असेल तर घ्या, थांबला असेल तर नवी रोपं ट्रेमधून रानात यायच्या आत, याच आठवड्यात, वेल उतरवा.